सत्तेच्या वारसाची बातमी कशी वाचावी

एकाधिकारशाहीविरुद्ध लोक रस्त्यावर आले की नुसती गर्दी मोजू नये. खुर्ची रिकामी झाल्यास घटनेनुसार ती कोणाकडे जाते आणि प्रत्यक्षात निर्णय कोण घेतो, हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासावेत. अल्जीरियाचे उदाहरण घ्या. २०१३ मध्ये पक्षाघात झालेले अध्यक्ष बुतेफ्लिका सभांना येत नसत, म्हणून समारंभांत त्यांची चौकटीतली तसबीर मांडली जाई. त्यांनाच पाचव्यांदा उभे करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २२ फेब्रुवारी २०१९ च्या शुक्रवारी लोकांचा संयम सुटला.

पुढे तारखांवर बोट ठेवून वाचावे. ११ मार्चला त्यांनी उमेदवारी सोडली, पण निवडणूकही पुढे ढकलली. २६ मार्चला लष्करप्रमुख गैद सालाह यांनी घटनेचे कलम १०२, म्हणजे अध्यक्ष काम करण्यास असमर्थ असल्यास पद रिकामे जाहीर करण्याची तरतूद, लागू करण्याची मागणी केली आणि २ एप्रिलला बुतेफ्लिकांचा राजीनामा आला; माझ्या मते निर्णायक तारीख २६ मार्च हीच.

राजीनाम्यानंतरच्या बातम्या अधिक बारकाईने वाचाव्यात. हंगामी अध्यक्षपद नियमानुसार वरिष्ठ सभागृहाच्या प्रमुखांकडे गेले, तरी दर शुक्रवारी निघणारे मोर्चे थांबले नाहीत, कारण लोकांना सगळी व्यवस्थाच हटवायची होती. डिसेंबरमध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आलेले तेब्बून मात्र बुतेफ्लिकांचेच माजी पंतप्रधान होते.