साधं ठेवायचं का भक्कम करायचं? सॉफ्टवेअर बनवताना माझ्याकडून झालेल्या या चुका टाळा

मी लातूरला मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. पहिल्यांदा केलं तेव्हा डोक्यात नुसतं यूट्यूब होतं, तीन वेगळ्या सर्व्हिस, मधी कामं रांगेत लावणारा क्यू, सगळं क्लाउडवर. आणि गिऱ्हाईक कोण, तर दोन कॉम्प्युटर आणि एक मुनीम. सोयाबीनच्या सीझनमधी दुपारी नेट गेलं, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब) निघेना, मुनीमनं कार्बन घालून पावती बुक काढलं अन् माझ्याकडं बघितलंबी नाही.

म्हणजे पहिली चूक हीच, जास्त पार्ट लावले की भक्कम होतं असं समजणं. उलट जेवढे पार्ट तेवढ्या बंद पडायच्या जागा.

मग चिडून मी दुसऱ्या टोकाला गेलो, एसक्यूलाइटची (सगळा डेटा एकाच फाइलमधी ठेवणारा छोटा डेटाबेस) फाइल शेअर्ड फोल्डरमधी टाकली अन् दोन्ही मशीनवरून उघडली. हे करू नका. एसक्यूलाइट चांगलंच आहे, एका दुकानाला पुरून उरतं, पण त्यात एका टायमाला एकच जण लिहू शकतो आणि नेटवर्कवरच्या फाइलचं लॉकिंग भरवशाचं नसतं, फाइल करप्ट होऊ शकते. फाइल एकाच मशीनवर ठेवा, तिथंच छोटा सर्व्हर चालवा, दुसऱ्या मशीननं त्याच्याशी बोलावं. तरी 'डेटाबेस इज लॉक्ड' येत असंल तर बिझी टाइमआउट बघा, म्हणजे लॉक सुटायची वाट किती वेळ बघायची ते, मुळात तो शून्य असतो, ५००० मिलिसेकंद करा. बऱ्याच वेळा तेवढ्यानंच भागतं, लोक उगंच डेटाबेस बदलत बसतात.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. नेट अडखळतं म्हणून मोबाइल ॲपमधी रीट्राय टाकला, उत्तर नाही आलं की तीनदा परत पाठव. लई भक्कम वाटलं मला. चार दिवसांनी मुनीमचा फोन, "ओ सर, बारा कट्ट्याचे चोवीस कसे झाले, शेतकरी इथंच बसलाय." झालं असं की एंट्री सर्व्हरवर सेव्ह झाली होती, फक्त 'झालं' हा निरोप वाटेत हरवला, म्हणून ॲपनं तीच एंट्री परत पाठवली. उपाय दोन ओळींचा निघाला, फॉर्म उघडतानाच त्याला एक युनिक आयडी द्यायचा, डेटाबेसमधी त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दुसऱ्यांदा घेऊ नको हा नियम) टाकायचा, तोच आयडी परत आला तर नवीन एंट्री न करता जुनीच पावती परत द्यायची. हे नसंल तर रीट्राय टाकूच नका, त्यापेक्षा सरळ एरर दाखवलेली बरी.

पैसे फ्लोटमधी (दशांशाचे आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवू नका. ०.१ अन् ०.२ ची बेरीज तिथं बरोबर ०.३ येत नाही, पायथॉनला १.००५ दोन दशांशांत राउंड करायला सांगा, १.० देतं. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांक ठेवा, आणि राउंड ओळीवर करायचं का टोटलवर ते आडत्याला आधीच विचारून घ्या, नाहीतर हमाली-तोलाई वजा करून एक रुपया चुकतो अन् त्या रुपयासाठी अर्धा तास जातो.

सगळीकडं ट्राय-कॅच (एरर पकडणारा कोड) लावून एरर गिळणं, ह्याला भक्कम म्हणत नाहीत. प्रोग्रॅम चालू असताना बॅकअप म्हणून नुसती डेटाबेसची फाइल कॉपी करू नका, एसक्यूलाइटच्या वॉल (WAL) मोडमधी, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमधी लिहायच्या पद्धतीत, शेवटच्या एंट्र्या शेजारच्या फाइलमधी असू शकतात, त्या राहून जातात, बॅकअपची कमांड वापरा.

आणि डिलिव्हरीच्या आधी मी एक करतो, सेव्ह दाबलं की लगेच सीपीयूची वायर ओढतो, दहा-बारा वेळा. परत चालू केल्यावर पट्टी एकतर पूर्ण दिसली पाहिजे नाहीतर अजिबात नाही, अर्धवट दिसली तर ट्रान्झॅक्शन (सगळं एकदम सेव्ह नाहीतर काहीच नाही अशी बांधणी) कुठंतरी सुटलंय. हे आधी गिऱ्हाईकाच्याच मशीनवर करायचो, एका ठिकाणी एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) गेला, तो भरून द्यावा लागला, तवापासून स्वतःच्या जुन्या डब्यावर करतो.