पोटात दुखतंय, पण कुठं आणि कसं? दवाखान्यात जायच्या आधीची उजळणी

"सिस्टर, पोटात दुखतंय ओ."

सर्जरीच्या वॉर्डात आणि ओपीडीत २८ वर्षं काढली, त्यात हे वाक्य किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. पुढचा प्रश्न ठरलेला, कुठं दुखतंय? उत्तरही ठरलेलं. माणूस छातीपासून मांडीपर्यंत हात फिरवतो आणि म्हणतो, "हे सगळंच."

आता मी निवृत्त आहे, शिवाजी पेठेत राहते. गल्लीतली माणसं दवाखान्यात जायच्या आधी आमच्या कट्ट्यावर येऊन बसतात. मी औषध सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. डॉक्टरांसमोर काय बोलायचं, ते मात्र त्यांच्याकडून बोलवून घेते. बाहेर बाकड्यांवर गर्दी असली की डॉक्टरांना तुमच्यासाठी पाच-सात मिनिटं मिळतात. त्यातली चार "कुठं, कसं, कधीपासून" यातच गेली तर पोट तपासायला काय उरणार?

आजाराचं नाव घेऊन जाऊ नका. "मला अल्सर झालाय", "पोराला ॲपेंडिक्सच आहे" असं सांगितलं की बोलणं त्या नावाभोवतीच फिरत राहतं. नाव डॉक्टर ठेवतील. तुम्ही जे होतंय ते सांगा, आणि घरच्या मराठीत सांगा. "पेन होतंय" म्हणण्यापेक्षा "कळ येते" म्हटलं तर डॉक्टरांना दुप्पट कळतं.

जागा दाखवताना अख्खा पंजा फिरवू नका, एक बोट ठेवा. बेंबी हा मध्य धरा आणि तिथून सांगा: बेंबीच्या वर, खाली, उजवीकडं, डावीकडं. आत काय आहे हे ढोबळ माहीत असलं तर बोट बरोबर पडतं. आपण कोल्हापूरची माणसं, मटणाच्या दुकानात उभं राहून निम्मं शरीर ओळखतो. काळीज मागून घेतो, ते बोकडाचं यकृत, म्हणजे लिव्हर. माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं आणि उजव्या बरगड्यांच्या आड असतं. पण बोलताना "काळजात दुखतंय" म्हणून हात ठेवतो डाव्या छातीवर, कारण बोलण्यातलं काळीज म्हणजे हृदय. म्हणून दवाखान्यात काळीज हा शब्दच नको, बोट ठेवा.

यकृताच्या खाली चिकटून पित्ताशय, एवढीशी पिशवी. दोन्हीकडच्या बरगड्या छातीखाली जिथं मिळतात तिथं एक खळगा लागतो. तिथं आणि तिथून डावीकडं जठर. जठराला लागून लहान आतड्याचा पहिला भाग, ग्रहणी, आणि या सगळ्याच्या मागं, पाठीच्या बाजूला, स्वादुपिंड. म्हणून स्वादुपिंडाचं दुखणं खळग्यातून थेट पाठीत जातं आणि माणूस पुढं वाकून बसला की त्याला जरा बरं वाटतं. तसं होत असेल तर ते सांगाच. बेंबीभोवती लहान आतड्याची वेटोळी. ज्या बाईनं कधी वजडी धुतली आहे तिला आतडं किती निघतं हे सांगावं लागत नाही. माणसाचं लहान आतडं सहा मीटरच्या आसपास असतं. मोठं आतडं दीड मीटरच, पण जाडीला जास्त. ते उजवीकडून वर चढतं, आडवं जातं, डावीकडून खाली उतरतं आणि मलाशयात संपतं. उजवीकडं खाली, जिथं ते सुरू होतं, तिथं आंत्रपुच्छ, म्हणजे आपलं ॲपेंडिक्स. बेंबीखालच्या सगळ्याला ओटीपोट म्हणा. बायकांनी ओटीपोटाचं दुखणं सांगताना पाळीची शेवटची तारीख न विचारता सांगावी, कारण तिथं आतड्याशेजारी गर्भाशयही असतं.

एवढ्यावर जागा संपत नाही. दुखणं सरकलं का, तेही सांगायचं. ॲपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीपाशी सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडं खाली जाऊन बसतं. "काल बेंबीपाशी होतं, आज इथं आहे" हे एक वाक्य मोलाचं आहे. आणि आपल्याकडं बेंबीपाशी दुखलं की "बेंबी सरकली" म्हणून कुणातरी जाणत्या बाईकडून तेल लावून पोट चोळून घेतात. कळकळीनं सांगते, ताप आहे, उलटी झाली आहे, हात लावू देत नाही असं पोट असेल तर अजिबात चोळू नका. सुजलेलं आंत्रपुच्छ आत फुटू शकतं. असे पेशंट वॉर्डात आलेले मी पाहिले आहेत, त्यात शाळकरी पोरंही होती.

आता दुखणं कसं आहे ते. कळ म्हणजे येते आणि जाते, मध्ये मोकळं वाटतं. आतडं किंवा नळी आवळली जाते तेव्हा अशी कळ उठते. मुरडा म्हणजे कळ येऊन लगेच संडासला पळावं लागतं. ठणका म्हणजे थांबत नाही, ठण-ठण चालूच. जळजळ वेगळी, टोचणं वेगळं. तडस लागणं म्हणजे दोन घास खाल्ले तरी पोट ताणल्यासारखं होणं. पोट डब्ब झालं म्हणजे फुगून नगाऱ्यासारखं झालं. हे सगळे शब्द डॉक्टरांना कळतात. नवीन आलेला डॉक्टर परजिल्ह्यातला असला तरी शेजारची सिस्टर सांगते. तुम्ही बिनधास्त बोला.

सगळ्यात जास्त घोटाळा ज्या शब्दानं होतो तो म्हणजे पित्त. त्याचा फटका आमच्याच घरात बसला.

माझी आई पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात राहायची. गावची म्हाई झाली, कुणाकडं आखाडाचं जेवण झालं, की रात्री हमखास तिला व्हायचं. "पित्त झालंय गं", एवढंच म्हणायची. मी स्वतः सिस्टर, मीही तेच धरून चालले. ॲसिडिटीची गोळी द्यायची, लिंबूपाणी द्यायचं, तास-दोन तासांनी ती झोपायची. दोन वर्षं असंच चाललं. एकदा मी मुक्कामाला होते. रात्री दोनला जाग आली तर आई अंथरुणात नव्हती. बघते तर सोप्यात उभी, उजव्या हाताची मूठ बरगडीखाली दाबलेली आणि उजव्या खांद्याचं पातं दाराच्या चौकटीवर घासत होती. घामानं चोळी भिजलेली. "पाठीत भरलंय" म्हणाली. ते पाहिलं आणि मला कळायचं ते कळलं. जळजळ नव्हतीच तिला. उजव्या बरगडीखालून पाठीत, खांद्यात जाणारी, तेलकट जेवणानंतर उठणारी कळ होती ती. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि पुढं ऑपरेशन झालं. दोन वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, "आई, बोट ठेवून दाखव." ते मला अजून लागतं.

मराठीत पित्त तीन गोष्टींना म्हणतात. एक खरं पित्त, म्हणजे पित्तरस. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि तूप-तेल पचवायला आतड्यात उतरतो. दुसरं ज्याला आम्लपित्त किंवा ॲसिडिटी म्हणतो. त्यातलं आम्ल जठराचं असतं, पित्ताशयाचा तिथं संबंध नाही. तिसरं अंगावर उठणारं पित्त, म्हणजे खाजणाऱ्या गांध्या. ते कातडीचं काम, बहुतेकदा ॲलर्जीचं. म्हणून "पित्त झालंय" म्हणून थांबू नका. पुढं सांगा: तोंडात आलेलं पाणी आंबट होतं की कडू? आंबट असेल तर जठरातलं आम्ल. पिवळं-हिरवं आणि कडूजहर असेल तर पित्तरस. छातीत जळतंय की बरगडीखाली कळ येते? उपाशी असताना वाढतं की जेवल्यावर? यातलं कुठलंही एक सांगितलं तरी डॉक्टरांचे दोन प्रश्न वाचतात.

आणि एक फार गंभीर गोष्ट. खळग्यात किंवा छातीत जळजळ, दडपण, सोबत घाम, धाप, डावा हात किंवा जबडा भरून येणं, असं असेल तर त्याला पित्त म्हणून सोडा पीत घरात बसू नका. हृदयविकाराचा झटकाही असाच पोटाचं सोंग घेऊन येतो. १०८ ला फोन करा.

अल्सरबद्दलही सांगते, कारण आपल्याकडं त्याचं खापर तांबड्या रश्शावर फुटतं. तिखटानं जळजळ वाढू शकते, ते खरं. पण जठराला किंवा ग्रहणीला जखम होते ती मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूमुळं आणि दुखण्यावरच्या गोळ्यांमुळं. हा जंतू जठराला सूज आणतो हे दाखवायला बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन पाहिला आणि आजारी पडले. पुढं २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तेव्हा डॉक्टरांना "मिसळ खाल्ली" एवढंच सांगून गप्प बसू नका. कुठल्या गोळ्या घेतल्या तेही सांगा.

वरच्या वाटेनं काय होतं? मळमळ म्हणजे नुसतं ओकारीसारखं वाटणं. उमासे म्हणजे कोरडे उबाळे, बाहेर काही पडत नाही. उलटी म्हणजे जोरानं पडणं. आणि वाकलं किंवा आडवं झालं की अन्न आपोआप घशाशी येणं हे चौथंच. सगळ्याला "व्हॉमिटिंग" म्हणू नका. घास अडकत असेल तर तो अन्ननलिकेचा प्रश्न. भाकरी अडकते की पाणीसुद्धा, ते सांगा. आधी भाकरी, मग भात, मग पातळ पेजही उतरेना असं होत गेलं असेल आणि वजन उतरत असेल तर एक दिवसही थांबू नका.

खालच्या वाटेचं बोलायला माणसं लाजतात, खेड्यातली म्हातारी माणसं तर फार. "परसाकडं बरं होत न्हाई" म्हणतात आणि खाली बघतात. आजोबा, काका, आमच्या कामात लाजण्यासारखं काही नसतं. "पोट साफ होत नाही" यात तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात: रोज होत नाही, कडक होतं आणि कुंथावं लागतं, किंवा होतं पण राहिल्यासारखं वाटतं. तुमची कुठली? ढाळ लागले असतील तर किती वेळा आणि पाण्यासारखे का, ते मोजून सांगा. शेंबडासारखं चिकट पडत असेल तर आव पडते म्हणा. रक्त असेल तर रंग सांगा. लालभडक रक्त बहुधा खालचं असतं, मूळव्याधीसारखं. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी असेल तर वर जठरात किंवा ग्रहणीत रक्तस्राव झालेला असू शकतो, त्याच दिवशी जा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर सांगा. शीचा पिवळट-तपकिरी रंग येतो तो पित्तरसामुळं. ती शाडूसारखी पांढुरकी व्हायला लागली, लघवी गडद आणि डोळे पिवळे झाले, तर पित्ताची नळी कुठंतरी अडली असण्याची शक्यता असते.

सोनोग्राफीला "उपाशीपोटी या" सांगतात, तिथंही शब्दानंच घात होतो. एका मावशींना विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" "न्हाई ओ, नुसता कपभर च्या घेतलाय." त्यांच्या दृष्टीनं चहा खाण्यात येत नव्हता. पण दुधाचा चहा पोटात गेला की पित्ताशय आकसून रिकामं होतं, आणि आकसलेल्या पिशवीत खडे नीट दिसत नाहीत. राधानगरीहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या होत्या बिचाऱ्या, परत जाऊन दुसऱ्या दिवशी यावं लागलं. उपाशीपोटी म्हणजे चहा, दूध, बिस्किट, तंबाखू काही नाही. पाणी चालेल का, रोजची गोळी घ्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

निघताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाका. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मी विचारलं होतं, "आण्णा, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" ठाम सांगितलं, "पोटाची एकबी न्हाई." काळी शी होत होती म्हणून आले होते. नातवानं खिशातनं पाकीट काढून दाखवलं. गुडघ्यासाठी तीन महिने रोज दोन गोळ्या, बऱ्याचदा जेवणाआधीच. आण्णांच्या हिशेबात गुडघ्याची गोळी गुडघ्यालाच जात होती. ती आधी जठरात उतरते, आणि जठराचं आतलं अस्तर तिनंच खरवडलं होतं. म्हणून पिशवीत गुडघ्याची, डोकेदुखीची, झाडपाल्याची, सगळी पाकिटं हवीत. रिकामी असली तरी चालतील, वरचं नाव वाचता आलं पाहिजे.