चाळीतली खोली, पाच इंचांत

कुणाच्या जुन्या घराचा छोटासा देखावा भेट म्हणून करायचा असेल तर कटर हातात घेण्याआधी माणसाला बोलतं करा. आत्याच्या पंच्याहत्तरीसाठी मी तिची गिरगावातली खोली करायला घेतली तेव्हा ती चाळ पुनर्विकासासाठी पाडून झाली होती. घरातल्या अल्बममध्ये फोटो होते, पण ते मुंजीचे, बारशाचे. माणसांची दाटी आणि मागे भिंतीचा एखादा तुकडा. खरा उपयोग झाला तो तिच्या गप्पांचा. ‘आत्या, बंब मोरीत असायचा का गं?’ एवढं विचारायचा अवकाश. ‘मोरीत कसला? घरभर धूर झाला असता! गॅलरीत, दाराच्या डाव्या हाताला. भिंत ही अशी काळी व्हायची. दिवाळी आली की आतोबा तुझे घासत बसायचे आणि वर चुना द्यायचे.’

त्या काळ्या डागापासून मी सुरुवात ठरवली. खोलीची लांबीरुंदी कुणालाही काढता येते. ज्याला भेट द्यायची त्याचा हात कुठे लागायचा, पाठ कुठे टेकायची, पाय कुठे घासायचा हे शोधायचं आणि तिथे सगळा जीव ओतायचा. भिंतीचा बाकी भाग साधा राहिला तरी चालतो.

दुसरं म्हणजे साल आणि वेळ पक्की करा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, त्यामुळे त्याआधीच्या खोलीत टीव्ही ठेवू नका, फळीवर रेडिओ ठेवा. ‘कालनिर्णय’ १९७३पासून निघतं, म्हणजे सत्तर सालच्या भिंतीवर ते नको. आत्याला खोली आठवते ती संध्याकाळी दिवा लावायच्या वेळची, म्हणून मी तीच वेळ धरली. उजेड कुठून यायचा, दार उघडं की लोटलेलं, हे सगळं त्यावर ठरलं.

माप १:२४ घ्या. हिशेब सोपा आहे, एक फूट म्हणजे अर्धा इंच. दहा बाय बारा फुटांची खोली पाच बाय सहा इंचांत बसते, चार फुटांची गॅलरी दोन इंचांची होते, साडेसहा फुटांचं दार सव्वातीन इंचांचं. दहा बाय बारा इंचांच्या एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीवर, सगळं आरामात मावतं आणि कडेला बोटं घालून उचलायला जागा उरते. समोरची भिंत आणि छत करूच नका, म्हणजे आत सहज पाहता येतं. खोली आधी याच छोट्या मापाने जुन्या वर्तमानपत्रावर आखा, मग पुठ्ठ्यावर.

साहित्य एका फेरीत मिळतं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद, पुठ्ठा, मणी. एलईडी आणि रेझिस्टरसाठी लॅमिंग्टन रोड. भिंतींना ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी शीट, घ्या. पुठ्ठा स्वस्त पडतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात तो वाकतो. पुठ्ठाच वापरायचा असेल तर दोन्ही बाजूंना सारखाच रंग द्या, एकाच बाजूला दिला तर तो त्या बाजूला ओढला जातो. थर्माकोल मी घरात आणत नाही. राज्यात २०१८पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे, शिवाय स्प्रे रंगाने तो विरघळतो. लाकडाला आणि कागदाला फेविकॉल, सनबोर्डाच्या सांध्यांना फेविक्विक. पिठाची खळ नको, तिला झुरळं आणि कसर लागते.

कापताना स्टीलची पट्टी आणि नवं पातं हवं. एका दमात कापायला जाऊ नका, तीनचार हलके हात फिरवा. खिडक्या आणि दारं भिंत सपाट असतानाच कापा आणि कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी आत या, म्हणजे कोपरा फाटत नाही. कठड्याचे गज बांबूच्या काड्यांचे, वरचा आडवा दांडा आइस्क्रीमच्या काडीचा. शहाबादी फरशीसाठी पातळ पुठ्ठ्यावर रिकाम्या बॉलपेनने रेघा दाबून काढल्या की झालं. भिंती उभ्या करण्याआधी रंगवून घ्या. नंतर कोपऱ्यात ब्रश जात नाही.

आता रंग. इथे घाई करू नका.

चाळीच्या भिंतीवर एक रंग नसतो, वर्षानुवर्षांचे थर असतात. खाली निळसर चुना, त्यावर गुलाबी, सगळ्यात वर पोपटी. हे दाखवायला खालचा आणि वरचा असे दोनच थर पुरतात. पद्धत अशी. भिंतीला आधी वॉल पुट्टीचा पातळ हात बोटाने द्या, थोडा खडबडीत राहू द्या. वाळल्यावर निळा अ‍ॅक्रिलिक. मग जिथे पोपडे दाखवायचे तिथे देवापुढची साधी मेणबत्ती घासा. वरून पोपटी रंग द्या, वाळला की त्या जागा नखाने किंवा खरखरीत कापडाने खरवडा. मेणावरचा रंग सुटतो आणि खालून निळा डोकावतो. पोपडे खिडकीखाली आणि मोरीच्या बाजूला दाखवा, कारण ओल तिथे असते. मधोमध, कोरड्या भिंतीवर ते खोटे दिसतात.

नंतर मळ. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, रंगाचा एक थेंब आणि आठदहा थेंब पाणी, हे मिश्रण कोपऱ्यांत आणि खाचांत सोडा, लगेच कापसाने वरून खाली पुसून घ्या. आडवं पुसलं तर भिंत मळकट दिसते, उभं पुसलं तर पावसाचं पाणी ओघळल्यासारखं. कडांना कोरडा ब्रश द्या. ब्रशला रंग घेऊन तो कागदावर पुसत राहायचं, कागदावर रंग उमटेनासा झाला की कठड्याच्या धारेवरून हलकेच फिरवायचा. गजांच्या वर, दांड्याच्या मधोमध लाकूड हाताने गुळगुळीत होऊन उजळलेलं असतं. आत्या तिथे कोपरं टेकून समोरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीशी बोलायची, म्हणून तेवढ्या दोन इंचांवर मी फिकट तपकिरी रंग पुन्हा पुन्हा फिरवला आणि शेवटी कोऱ्या कागदाने घासून चकाकी आणली. दाराच्या कडेला कडीच्या उंचीवर, विजेच्या बटणांभोवती, उंबऱ्याच्या मध्यावरही असंच करा. बंबाची काजळी पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटावर घेऊन खालून वर चोळायची, वर जाताना विरळ करायची.

एक नियम कायम पाळा. डबीतला रंग तसाच लावू नका. लहान वस्तूवर भडक रंग बटबटीत दिसतो, म्हणून प्रत्येक रंगात किंचित पांढरा किंवा राखाडी मिसळा. काळा तर कधीच निव्वळ काळा नको. आणि सगळं मॅट असू द्या. चमक फक्त घासलेल्या भांड्यांना, हाताने गुळगुळीत झालेल्या लाकडाला आणि ओल्या मोरीला. मोरीत नळाखाली हिरवट छटा देऊन त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिला की पाणी आत्ताच सांडल्यासारखं वाटतं.

सामान घरातच सापडतं. टिचबटणाची एक बाजू झाली वाटी, पितळी मणी झाला तांब्या, मार्कर पेनाचं टोपण तांब्याच्या रंगाने रंगवलं की बंब, त्याची कडी तांब्याच्या तारेची. गोधडीसाठी त्या माणसाच्याच जुन्या सुती साडीचा तुकडा मागून घ्या, नक्षी मात्र बारीकच हवी. कापड पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून घडी घाला, नाहीतर ते ताठ उभं राहतं. तुळशीच्या डब्यात मातीऐवजी चहाचा चोथा चालतो, पण तो उन्हात कडकडीत वाळवा, ओला राहिला तर बुरशी धरतो.

माणसांच्या बाहुल्या मी करत नाही. चेहरा जुळत नाही, आणि पाहणाऱ्याचं लक्ष मग चेहऱ्यातच अडकतं. त्याऐवजी दाराशी चपला, पाटावर निवडायला घेतलेली भाजी, देवापुढे निरांजन ठेवा. छोट्या आकारात माणसांचं राहणीमान कसं मांडतात ते पाहायचं असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. ते १८७२मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या मातीच्या प्रतिकृती मी जवळ जाऊन, एकेका भांड्याचा आकार वहीत काढत पाहिल्या आहेत.

दिव्यासाठी वॉर्म व्हाइट एलईडी. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालवायचा तर प्रत्येक एलईडीला १५० ओहमचा वेगळा रेझिस्टर जोडा. लांब पाय म्हणजे प्लस. एलईडी दाराच्या चौकटीवरच्या पट्टीमागे लपवा, नुसता उजेड भिंतीवर पडू द्या. जुन्या पिवळ्या बल्बचा रंग हवा असेल तर एलईडीला ग्लास पेंटचा पिवळा हात द्या.

वॉर्निश पावसाळ्यात स्प्रेने मारू नका, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते. ब्रशने लावायचं मॅट वॉर्निश घ्या आणि जुलैत फेविकॉललाही पुरता एक दिवस वाळू द्या. धुळीपासून वाचवायला वर अ‍ॅक्रिलिकची पेटी हवीच. ती फेविक्विकने चिकटवू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक शीट धुरकटते. पेटीत मागच्या कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती बदलता येईल अशी खालून छोटी फट ठेवा.

लोकलने न्यायचं असेल तर दुपारी बारा ते तीनमध्ये निघा. खोक्यात बबल रॅप चारही बाजूंना भरा, पण वरून दाबू नका, आणि खोक्यावर बाण काढून ‘वर’ लिहा. उचलताना एमडीएफच्या खाली हात घाला, कठड्याला धरू नका. चार्जरची वायर वेगळ्या पिशवीत घ्या आणि ज्याच्या घरी जाणार त्याच्याकडे टेबलाजवळ सॉकेट आहे का ते आधीच्या रात्री फोनवर विचारा.