अभ्यासाची आगोट : कोकणातील घरी राहून मोबाईलवरून विद्यापीठाचा अभ्यासक्रम कसा पूर्ण करावा

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांपर्यंत पोहोचते, लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणारे कितीतरी जण नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव नोंदवतात. या सर्वांच्या अभ्यासाचा काही ना काही भाग आता मोबाईलवरून होतो. बहुतेकांकडे संगणक नसतो, मोबाईल घरात सामाईक असतो आणि घर खाडीकाठच्या किंवा डोंगरउतारावरच्या अशा वाडीत असते, जिथे नेटवर्क येते आणि जाते. शहरातील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या सूचना अशा विद्यार्थ्याच्या फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्या सूचना इंटरनेट सतत आहे असे धरून चालतात.

किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यांना शिकवताना आणि त्यांच्या अडचणी ऐकताना माझे एक मत पक्के झाले आहे. ज्यांनी थेट चालणाऱ्या तासावर सगळा भरवसा ठेवला त्यांचे हाल झाले, आणि ज्यांनी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घरात जशी बेगमी करतात तशी अभ्यासाची बेगमी आधी करून ठेवली, त्यांचे सत्र पावसातही सुरळीत पार पडले. पुढील सर्व सूचना याच मुद्द्याच्या आधारावर आहेत.

आपल्या वाडीचे नेटवर्क आधी ओळखा

फोनवर दिसणाऱ्या उभ्या रेघांवर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती पाहिल्यास सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. फोर-जीसाठी उणे ९० च्या आसपासचा आकडा थेट तासाला पुरेसा असतो, तर उणे ११० च्या पलीकडे गेल्यास आवाजही तुटू लागतो. घराची ओटी, पडवी, माळा, मागील परसू आणि शेजारचा उंचवटा अशा सर्व ठिकाणी सकाळी, दुपारी व रात्री हे आकडे पाहून वहीत लिहून ठेवा. जाड चिऱ्याच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर सिग्नल अडवतात, त्यामुळे एकाच घरातही खोलीगणिक मोठा फरक आढळतो.

जिथे सिग्नल सर्वांत चांगला मिळतो, ती जागा बसून अभ्यास करण्याजोगी असेलच असे नाही. अशा वेळी एक फोन माळ्यावर किंवा उंच खिडकीत ठेवून त्याचा हॉटस्पॉट सुरू करावा आणि दुसऱ्या फोनवर खाली बसून तास ऐकावा. घरात दोन फोन असतील तर दोन्ही सिम एकाच कंपनीची घेऊ नयेत. नवीन सिम घेण्यापूर्वी शेजारच्या दोन-चार घरांत कोणते कार्ड चालते ते पाहून घ्यावे. फाइव्ह-जीचा सिग्नल कमकुवत असेल, तर फोन फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये सारखा ये-जा करतो आणि बॅटरी खातो. तेथे सेटिंगमधून पसंतीचे नेटवर्क फोर-जी करून ठेवल्यास तास अधिक स्थिर चालतो.

वेळेचाही अंदाज घ्या. गणपतीला चाकरमानी गावी आले की त्याच टॉवरवर अनेक पट फोन येतात आणि संध्याकाळचे नेटवर्क जवळजवळ थांबते. मे महिन्याच्या सुट्टीतही थोडाफार हाच अनुभव येतो. या दिवसांत पहाटे किंवा रात्री उशिरा फाइली उतरवून घ्याव्यात. रोजचा दीड किंवा दोन जीबीचा पॅक असेल तर उरलेला डेटा मध्यरात्री संपुष्टात येतो, म्हणून झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाची व्याख्याने उतरवून ठेवण्याची सवय दुहेरी फायद्याची ठरते.

डेटा नेमका कुठे जातो

थेट तासात कॅमेरे सुरू असतील आणि चित्राचा दर्जा उच्च असेल, तर तासाला एक जीबीपेक्षाही जास्त डेटा जाऊ शकतो. याउलट ६४ केबीपीएस दर्जाचे तासाभराचे ध्वनिमुद्रण सुमारे २९ एमबीमध्ये बसते. म्हणजे चित्रासहित एका तासाच्या खर्चात तीसहून अधिक तासांचा आवाज ऐकता येतो. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र किंवा कायदा या विषयांत आवाज आणि सोबत टिपणांची पीडीएफ एवढे मिळाले तरी बहुतेक काम भागते. गणित, अभियांत्रिकी किंवा रसायनशास्त्रात फळा दिसणे आवश्यक असते, पण चित्राचा दर्जा १४४पी वर आणल्यास फळ्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. तेथे व्हिडिओ ३६०पी वर पाहावा किंवा शिक्षकांकडून सादरीकरणाच्या पाट्या (स्लाइड्स) आधीच मागून घ्याव्यात. लांबलचक पीडीएफ फोनच्या पडद्यावर वाचताना डोळे थकतात आणि लक्षही टिकत नाही. परीक्षेसाठी महत्त्वाचे असलेले प्रकरण तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणण्यावर केलेला खर्च मला नेहमीच योग्य वाटत आला आहे.

सत्र निवडताना पाऊस आणि आंबा दोन्ही विचारात घ्या

केंद्र शासनाचे स्वयम हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. मात्र आपल्या विद्यापीठाने आणि विभागाने तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य केला आहे का, हे नाव नोंदवण्यापूर्वी महाविद्यालयातील समन्वयकांना लेखी विचारून घ्यावे. नंतर विचारल्यास केलेला अभ्यास गुणपत्रकावर न येण्याचा धोका असतो. श्रेयांक जमा होण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये खाते लागते आणि ते डिजिलॉकरमधून उघडता येते. आधार, डिजिलॉकर आणि महाविद्यालयाच्या नोंदीत नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, हे त्याच दिवशी तपासावे.

स्वयमवर आयआयटींचे जे एनपीटीईएल अभ्यासक्रम असतात, त्यांचे जुलैचे सत्र नेमके पावसाळ्यात येते. याच दिवसांत लावणी असते, वीज जाते, घाटात दरडी कोसळतात, आणि पुढे गणपती येतात. पण या अभ्यासक्रमांत एक सवलत आहे, जिच्याकडे विद्यार्थी पुरेसे लक्ष देत नाहीत. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक गृहपाठांपैकी सर्वोत्तम आठच धरले जातात. त्यांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या अंतिम परीक्षेला ७५ टक्के भार असतो. म्हणजे चार आठवडे हाताशी राखीव आहेत. सुरुवातीचे सोपे गृहपाठ कंटाळ्यामुळे सोडून हे राखीव आठवडे खर्च करू नयेत. ते मुसळधार पावसासाठी आणि गणेशोत्सवासाठी राखून ठेवावेत. प्रत्येक गृहपाठ मुदतीच्या किमान दोन दिवस आधी पाठवावा, कारण शेवटच्या रात्री वीज गेली तर त्याची दखल संगणक घेत नाही.

जानेवारीचे सत्र कोरड्या हवेत चालते आणि नेटवर्कच्या दृष्टीने ते निश्चितच बरे असते, म्हणून व्हिडिओवर अवलंबून असलेला अवघड विषय शक्यतो तेव्हा घ्यावा. परंतु त्याची परीक्षा एप्रिलच्या सुमारास येते, आणि ज्यांच्या घरी आंबा किंवा काजूची बाग आहे त्यांना त्या महिन्यात श्वास घ्यायला सवड नसते. अशा घरातील विद्यार्थ्याने मार्चअखेरपर्यंत वाचन संपवून उजळणीसाठी फक्त स्वतःच्या हातची टिपणे शिल्लक ठेवावीत.

इंटरनेट नसतानाही चालणारे मार्ग

एनपीटीईएलची व्याख्याने आणि त्यांच्या लिखित प्रती उतरवून घेता येतात. अनेक अभ्यासक्रमांच्या लिखित प्रती मराठी अनुवादातही उपलब्ध आहेत. महाविद्यालयात किंवा तालुक्याला गेल्यावर तेथील वायफायवरून एकाने संपूर्ण पुढील महिन्याची व्याख्याने उतरवावीत आणि वाडीत परत आल्यावर इतरांना अँड्रॉइड फोनमधल्या क्विक शेअर या सोयीने द्यावीत. त्यासाठी दोन्ही फोन जवळ असले की पुरते, इंटरनेट लागत नाही. ओटीजी जोडणीचा, म्हणजे थेट फोनला लावता येणारा, पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डही हेच काम करते. फाइलींना विषय आणि आठवडा अशी नावे द्यावीत, अन्यथा पंधरा दिवसांनी काहीच सापडत नाही. यूट्यूबच्या ॲपमध्ये साठवलेले व्हिडिओ मात्र ठरावीक काळाने पुन्हा इंटरनेटला जोडल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे पावसाच्या बेगमीसाठी त्यांच्यावर विसंबू नये. संदर्भासाठी किविक्स हे ॲप घेऊन मराठी विकिपीडिया संपूर्ण उतरवून ठेवता येतो. मराठी विश्वकोशाच्या नोंदी मुख्यत्वे मजकुराच्या असल्याने तो कमी नेटवर्कवरही वाचता येतो.

घरी दूरदर्शनची डीडी फ्री डिश असेल, तर स्वयम प्रभा या शैक्षणिक वाहिन्या अवश्य पाहाव्यात. २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांनी सुरू झालेल्या या सेवेत रोज किमान चार तासांचा नवा मजकूर दाखवला जातो आणि तो दिवसभरात आणखी पाच वेळा पुन्हा लागतो. ही प्रसारणे जीसॅट-१५ उपग्रहाच्या केयू बँडवरून येतात आणि या बँडचा सिग्नल मुसळधार सरीत खंडित होतो, हे आपण टीव्हीवर नेहमी पाहतोच. पण पुनःप्रसारणामुळे सकाळी चुकलेला भाग संध्याकाळी मिळू शकतो.

शिक्षकांना आणि घरच्यांना आधी सांगा

गैरहजेरी लागल्यावर कारण सांगणारा विद्यार्थी आणि सत्राच्या पहिल्याच आठवड्यात परिस्थिती कळवणारा विद्यार्थी, या दोघांकडे पाहण्याची शिक्षकांची दृष्टी वेगळी असते. संदेश थोडक्यात आणि नेमका असावा : “आदरणीय मॅडम, माझे घर खाडीकाठच्या वाडीत असून सायंकाळी नेटवर्क फार कमी असते. मी तासाला आवाजावर हजर राहीन, पण कॅमेरा सुरू ठेवणे शक्य होणार नाही. कृपया तासाचे ध्वनिमुद्रण आणि टिपणांची पीडीएफ गटावर द्यावी, ही नम्र विनंती.” अशी विनंती चार-पाच जणांनी मिळून केल्यास शिक्षकांनाही नियम शिथिल करणे सोपे जाते. तासात आवाज तुटत असेल तर शंका लिहून पाठवावी आणि ती कोणत्या उदाहरणाविषयी आहे तेही लिहावे.

घरच्यांशी बोलणे अधिक कठीण असते, विशेषतः मुलींसाठी. मूल घरात आहे म्हणजे मोकळे आहे, असे घरच्यांना मनापासून वाटते. तास सुरू असताना पाणी भरायला, गुरे बांधायला किंवा धाकट्या भावाला सांभाळायला हाक येते. यात त्यांचा राग धरण्यात अर्थ नाही, परंतु तासांचे वेळापत्रक कागदावर लिहून ओटीवर लावावे आणि कोणती दोन तासांची वेळ पूर्णपणे अभ्यासाची, हे आईवडिलांसोबत बसून ठरवावे. एकच फोन दोघा भावंडांत असेल, तर थेट तास ज्याचा असेल त्याला फोन आणि दुसऱ्याने त्या वेळी लिखाण, अशी वाटणी सुट्टीतच करून टाकावी.

वीज, पाऊस आणि फोनची काळजी

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली भागांतील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती, तर २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी टॉवरही बंद पडतात. एरवीच्या वीजखंडनासाठी पॉवर बँक ठेवावी, मात्र १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन दोनदा पूर्ण भरत नाही, कारण बरीच ऊर्जा रूपांतरात जाते. सिग्नल नसताना फोन टॉवर शोधण्यातच बॅटरी संपवतो, म्हणून उतरवलेली व्याख्याने पाहताना तो विमान मोडवर ठेवावा. घरी फायबर जोडणी असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा. खाऱ्या दमट हवेत चार्जिंगची जागा गंजते; ती ओली झाली असेल तर पूर्ण कोरडी होईपर्यंत चार्जर लावू नये.

नेटवर्कसाठी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, जाणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मोकळ्या सड्यावर माणूस हाच सर्वांत उंच असतो, त्यामुळे ढग गडगडू लागताच तास अर्धा सोडून खाली यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप परिसरातील विजांचा इशारा देते. ते फोनमध्ये असावेच. एकट्याने, विशेषतः काळोख पडल्यावर, जाऊ नये. विजा चमकत असताना घरातही फोन चार्जिंगला लावून वापरू नये.

परीक्षेच्या दिवशी

ऑनलाइन चाचणी असेल तर आदल्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच वेळी लॉगिन करून पाहावे आणि दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन जवळ ठेवावा. जोडणी तुटल्यास वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि लगेच विभागाला ईमेल करावा. दोन दिवसांनी केलेल्या तोंडी तक्रारीपेक्षा तो ईमेल अधिक उपयोगी पडतो. उत्तरपत्रिका स्कॅन करताना कागद दिवसाच्या उजेडात ठेवावा, पाने क्रमाने लावावीत आणि पीडीएफ दिलेल्या मर्यादेत बसते का ते पाठवण्यापूर्वी पाहावे. स्वयमच्या परीक्षेसाठी शहर निवडावे लागते. अर्ज भरतानाच जवळचे केंद्र, एसटीची वेळ आणि गरज पडल्यास आदल्या रात्री मुक्कामाची सोय ठरवून टाकावी. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावे, आणि प्रवेशपत्र मिळाल्याबरोबर त्यावरील केंद्राचा पत्ता घरी कोणाला तरी लिहून द्यावा.