आरमध्ये वर्गवार बेरीज करताना मागे राहणारा गट

आर या संगणकीय भाषेत डेटा फ्रेम (म्हणजे डेटाचा तक्ता) वाचून झाली आहे आणि डीप्लायर हे तक्ते हाताळणारे पॅकेज लोड केलेले आहे, असे गृहीत धरतो. ज्या स्तंभावर गट पाडायचे आहेत त्यावर आधी 'काउंट' चालवावे, म्हणजे प्रत्येक वर्गात किती ओळी आहेत ते दिसते. 'उत्तर' आणि शेवटी मोकळी जागा राहिलेले 'उत्तर' हे आरच्या लेखी दोन निराळे वर्ग असतात आणि ते येथेच उघडे पडतात. नंतर 'ग्रुप बाय'ला स्तंभांची नावे देऊन 'समराइज'मध्ये बेरीज मागावी.

खरी अडचण यापुढे आहे. गट दोन स्तंभांवर, समजा विभाग आणि महिना यांवर, पाडले असतील तर 'समराइज' फक्त शेवटच्या स्तंभाचा गट सोडते. विभागाचा गट तसाच चिकटून राहतो. पहिल्या विभागाची दोन महिन्यांची विक्री ३० व १० आणि दुसऱ्याची ४० व २० असेल, तर एकूण १०० पैकी टक्केवारी अर्थातच ३०, १०, ४० व २० यायला हवी. परंतु त्याच साखळीत पुढे 'म्यूटेट'ने (नवा स्तंभ जोडणाऱ्या फंक्शनने) टक्केवारी काढली की ७५, २५, ६६.७ व ३३.३ असे आकडे मिळतात, कारण भागाकार प्रत्येक विभागाच्या स्वतःच्या बेरजेने होतो. त्रुटीचा संदेश येत नाही आणि आकडेही दिसायला सभ्य असतात. असाच एक तक्ता मी पुढे पाठवला होता, आणि टक्केवारीची बेरीज २०० होते हे वाचणाऱ्याने मला दाखवून दिले.

निकाल कोणत्या स्तंभावर गटबद्ध राहिला आहे हे सांगणारी एक ओळ डीप्लायर अशा वेळी छापते. ती ओळ त्रासदायक वाटते म्हणून सेटिंग बदलून बंद करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया ऐकू नये. त्याऐवजी 'समराइज'मध्येच 'ग्रुप्स'ची (आधी टिंब देऊन, '.groups') किंमत 'ड्रॉप' अशी द्यावी किंवा लगेच गट काढून टाकणारे 'अनग्रुप' लिहावे. २०२३ साली आलेल्या १.१.० आवृत्तीपासून 'समराइज'च्या आतच 'बाय' (तेही टिंबासह, '.by') लिहून गट सांगता येतात, आणि तेव्हा निकालात कोणताही गट उरत नाही. मी आता हीच पद्धत वापरतो. विभागांतर्गत टक्केवारीच हवी असेल, तर 'म्यूटेट'मध्येही 'बाय' लिहून तसे स्पष्ट सांगावे, उरलेल्या गटाच्या भरवशावर राहू नये.

मात्र 'समराइज'मध्ये 'बाय' वापरल्यावर 'ग्रुप बाय'प्रमाणे वर्ग क्रमाने लावलेले मिळत नाहीत, ते डेटामध्ये ज्या क्रमाने प्रथम आले त्याच क्रमाने येतात. म्हणून शेवटी 'अरेंज'ने ओळी क्रमाने लावाव्यात.