गर्भातच बाळाच्या किडनीला सूज दिसली, तर जन्मानंतर काय करावे

गर्भारपणातील सोनोग्राफीत बाळाच्या मूत्रपिंडात लघवी साठून त्याचा मधला भाग रुंदावलेला दिसतो, तेव्हा पालकांना बहुधा ‘किडनीला सूज आहे’ एवढेच सांगितले जाते. ही रुंदी २८ आठवड्यांपूर्वी ४ मिलिमीटर किंवा त्यानंतर ७ मिलिमीटर वा अधिक भरली, तर पुढे लक्ष ठेवावे लागते. बहुतेक बाळांची सूज आपोआप उतरते. काहींच्या मूत्रवाहिनीत मात्र अडथळा असतो, तर काहींच्या मूत्राशयातील लघवी उलट वर चढते. म्हणून गर्भारपणातील सगळे अहवाल जपून ठेवावेत आणि बाळंतपण होताच बालरोगतज्ज्ञांना दाखवावेत.

जन्मानंतरच्या पहिल्या सोनोग्राफीची वेळ नीट सांभाळावी. पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे असलेली सूजही दिसत नाही. म्हणून ही तपासणी ४८ तासांनंतर, पहिल्या आठवड्यात करतात. दोन्ही मूत्रपिंडे फार फुगलेली असतील, मूत्रपिंड एकच असेल, गर्भजल कमी असेल किंवा मुलाच्या मूत्रमार्गात पडद्याचा अडथळा असल्याची शंका असेल, तर मात्र इतके थांबू नये. मुलगा लघवी करत असताना धारेकडे मुद्दाम पाहावे: ती जोराने दूर न पडता थेंबथेंब गळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

पहिला अहवाल चांगला आला, की अनेक कुटुंबे निर्धास्त होऊन पुढची तपासणी सोडून देतात, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे. चार ते सहा आठवड्यांनी दुसरी सोनोग्राफी झालीच पाहिजे. सूज मोठी किंवा वाढती असेल, तर मूत्राशयात नळीने औषध भरून एक्स-रे काढतात, आणि प्रत्येक मूत्रपिंड किती काम करते हे पाहण्यासाठी साधारण सहा आठवड्यांच्या वयानंतर रीनल स्कॅन करतात. शस्त्रक्रिया थोड्याच मुलांना लागते. मूत्रपिंडाचे काम घटत असल्याचे किंवा सूज वाढत असल्याचे दिसले, तर तिचा विचार होतो.

मधल्या काळात बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सर्दी-खोकल्याचा समज करून घरी थांबू नये; तो लघवीतील जंतुसंसर्गाचाही असू शकतो. अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वीच लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्यावे. कल्चरसाठी चिकटपिशवीत जमलेली लघवी देऊ नये, कारण तिच्यात त्वचेवरचे जंतू सहज मिसळतात. नमुना नळीने किंवा स्वच्छ धुतल्यावर मधल्या धारेतून घ्यावा.