मोठा शिसवी बाऊल न तडकता कसा कातायचा

शिसव, साग, पडौक, कुठलंही असलं तरी १२-१४ इंची अखंड बाऊल लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) कातायचा म्हटलं की सगळे टूल कुठलं घेऊ हेच विचारतात, माझे मात्र जेवढे मोठे पीस वाया गेले ते सगळे वाळताना तडकले.

ठोकळ्यातला गाभा (खोडाच्या अगदी मधला बारीक मऊ भाग) आधीच कापून काढा. फेसप्लेटला (ठोकळा लेथवर बसवायची धातूची तबकडी) जाड लाकडी स्क्रू मारा, ड्रायवॉलचे पटकन तुटतात. टेलस्टॉक (ठोकळ्याला समोरून टेकू देणारा लेथचा भाग) लावा, मास्क घाला (शिसवाची धूळ छातीला आणि कातडीला बाधते), ठोकळा गोल होईपर्यंत स्पीड मिनिटाला ३००-४०० फेऱ्यांच्या वर नको. सागात सिलिका असते, धार लवकर जाते, सारखी लावत राहा.

आता खरं काम. ओलं लाकूड एकाच दमात पातळ करून फिनिश करा असं कुणी सांगितलं तर शिसवाच्या बाबतीत अजिबात ऐकू नका, मी ऐकलं होतं, रात्री टक् असा आवाज आला आणि सकाळी बघतो तर काठापासून बुडापर्यंत बोट जाईल एवढी चीर. लाकूड वलयांच्या कडेकडेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून गोल बाऊल वाळून अंडाकृती होतोच, आणि आडव्या छेदातून (जिथे लाकडाचे रेषे आडवे कापले जातात) पाणी भराभर उडतं म्हणून तडा तिथूनच सुरू होतो.

त्यामुळे पहिल्यांदा जाडच ठेवा, व्यासाच्या १० टक्के, म्हणजे १४ इंचाला साधारण दीड इंच, आणि बुडापासून काठापर्यंत सारखी जाडी, बूड जाड राहिलं की तिथेच फुटतं. चकात (लेथच्या पकडीत) धरायचा टेननही (बुडाखालचा गोल खुंट) मोठा ठेवा, तोही वाकडा होणार. लेथवरून उतरवल्या उतरवल्या आडव्या छेदांवर वितळवलेलं मेण फासा, चहा पिऊन आल्यावर नाही, लगेच. मग कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा, पंखा नको, ऊन तर नकोच. पिशवीवर तारीख आणि वजन लिहा, दर आठवड्याला वजन करा, सलग तीन-चार आठवडे वजन हललं नाही की वाळला. सहा महिने लागतील, वर्षही लागेल, मायक्रोवेव्हचे शॉर्टकट एवढ्या मोठ्या शिसवावर करू नका हो, असं लाकूड पुन्हा सहज मिळत नाही, शिसवाचा अख्खा डालबर्जिया गट २०१७पासून साइटीसच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे.

वाळल्यावर टेनन सरळ करून परत गोल काता, सँडिंग करा. तेल लावायच्या आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर शिसवाच्या स्वतःच्या तेलामुळे वरचं फिनिश कित्येक दिवस चिकटच राहतं.